मुलीचा जिम्नॅस्टिक्स क्लब बदलावा का? कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात २२ वर्षं मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवायचे. आता शिकवत नाही, पण पालकांचे फोन आणि मेसेज येतच असतात. मे महिन्यात नव्या वर्षाची फी भरायची वेळ आली की ते वाढतात, आणि जिल्हास्पर्धेचा निकाल लागला की आणखी वाढतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मुलींचे आईवडील असतात, म्हणून ‘मुलगी’ असं लिहिलंय. मुलांसाठी जे वेगळं आहे ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१. क्लब बदलायचा की नाही, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

पदकांवरून ठरवू नका, भिंतीवर लावलेल्या फोटोंवरूनही नको. मी आधी एकच गोष्ट बघायला सांगते. त्या हॉलमध्ये एखादं मूल “दुखतंय” किंवा “भीती वाटते” म्हणालं, की पुढच्या मिनिटाला काय होतं? सर थांबतात का? नेमकं कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगतात का? बीमवर (तोल सांभाळून चालायची उंच, अरुंद पट्टी) भीती वाटत असेल तर तिला खाली घेऊन तीच हालचाल जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवर करायला देतात का? की “काही होत नाही, चल” म्हणून पुढच्या मुलीकडे वळतात?

हे एका दिवसात कळत नाही. दोन-तीन वेळा, आधी न सांगता, वर्ग सुटायच्या तासभर आधी जाऊन बसा. मुलं दमलेली असतात, शिकवणाराही दमलेला असतो, तेव्हाच खरी पद्धत दिसते. या एका बाबतीत क्लब चांगला असेल तर साधनं कमी आहेत, हॉल छोटा आहे, या उणिवा बराच काळ चालवून घेता येतात. पण इथेच खोट असेल तर हॉल कितीही मोठा असू दे, मुलीला तिथे ठेवू नका.

२. सहा महिने झाले, मुलीला बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी मारून, हात टेकून पुन्हा पायांवर येणं) येत नाही. तिच्या बरोबरीच्या मुलींना आली. सर कमी पडताहेत का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. साधारण १० ते १३ या वयात मुली झपाट्याने उंच होतात. हाडं आधी लांबतात, ताकद आणि लवचिकपणा मागून येतो. त्यामुळे गेल्या वर्षी सहज जमणारी गोष्टही या वर्षी बिघडते.

सरांना वेळ मागून घ्या आणि विचारा, “नेमकं कुठे अडतंय?” ज्याला कळतं तो शरीराच्या भाषेत उत्तर देतो. तिचे खांदे उघडत नाहीत, उडी मागे जाण्याऐवजी सरळ वर जाते, हात टेकताना कोपर वाकतात, असं काहीतरी. “मेहनतच करत नाही” हे उत्तर पुरेसं नाही. मग पुढचे दोन महिने बघा, जे अडतंय असं सांगितलं त्यावर काम चाललंय का. चाललं असेल तर धीर धरा. काहीच होत नसेल, रोज तीच उडी तशीच चुकत मारून घेतली जात असेल, तर दुसरीकडे चौकशी करायला हरकत नाही.

आलेली उडी अचानक ‘हरवते’, तो प्रकार वेगळा. मूल हवेत गेल्यावर आपण कुठे आहोत हेच त्याला कळेनासं होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची नामवंत जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने याच कारणाने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली होती आणि पुढे पॅरिसला २०२४ मध्ये तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. तिच्यावर ही वेळ येते, तर आपल्या दहा वर्षांच्या पोरीवर आली म्हणून क्लबाला दोष देऊ नका. क्लब बदलल्याने हे आपोआप जात नाही. सोप्या गोष्टींपासून पुन्हा सुरुवात करणारा, घाई न करणारा माणूस मिळाला की जातं.

३. मुलगी म्हणते, “मला जायचंच नाही.” क्लब बदलू की जिम्नॅस्टिक्सच सोडवू?

आधी तिला नको आहे ते काय, ते शोधा. खेळ नको, सर नको, बॅचमधली एखादी मुलगी नको, की शाळा-ट्यूशन-सराव करून जीव दमलाय? समोर बसवून “का?” विचारलंत तर ती खांदे उडवेल. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेली असताना, समुद्रावर चालताना विषय निघाला की मुली बोलतात.

दोन-तीन आठवडे सुट्टी द्या. आपल्याकडे गणपतीत ती तशीही होते. सुट्टीत ती घरातल्या गादीवर हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) करत असेल, ओटीवर कार्टव्हील मारत असेल, तर खेळ तिचा आहे, अडचण जागेची आहे. सुट्टीत तिला त्याची आठवणही झाली नाही, तर सोडू द्या. तिने घालवलेली वर्षं वाया जात नाहीत, पडताना कसं पडायचं हे तिला जन्मभर येणार आहे.

आणि नकाराबरोबर झोप उडणं, ठरावीक दिवशीच पोट दुखणं, एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होणं असं काही असेल, तर वाट बघू नका, प्रश्न ५ वाचा.

४. सर फार ओरडतात. पण शिस्तीसाठी थोडं ओरडणं चालतंच ना?

धोका दिसला की आवाज चढतो. “थांब! मॅटवरून बाजूला हो!” हे ओरडणं मुलींना कळतं आणि त्या ते मनात ठेवत नाहीत. चालत नाही ते असं: सगळ्यांसमोर शरीरावरून बोलणं, चुकली म्हणून पुन्हा पुन्हा शिक्षा देणं, दुसरीशी तुलना करून रडवणं, पाय फाकवून स्प्लिटमध्ये बसवून खांद्यांवर किंवा मांड्यांवर जोर देऊन दाबणं. ताण देताना मूल रडत असेल तर तो व्यायाम राहिलेला नाही. लवचिकपणा हळूहळू वाढतो, दाबून नाही. दाबल्याने स्नायू फाटतात.

एकदा शांतपणे बोला. एकदाच. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर तिला हलवा.

५. कोणाच्या तरी वागण्याबद्दल शंका आहे. क्लब बदलला की प्रश्न संपेल का?

नाही, संपणार नाही. तुमची मुलगी सुटेल, तिथल्या बाकीच्या मुली तिथेच राहतील.

जिम्नॅस्टिक्समध्ये प्रशिक्षकाला मुलांना हात लावावाच लागतो. बॅक हँडस्प्रिंगला एक हात कमरेच्या मागे, दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला, असा आधार दिला जातो. हा आधार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असतो, आधी सांगून असतो, आणि उडी संपताच हात निघतो. उडी संपल्यावरही हात रेंगाळणं, एकटीला थांबवून घेणं, बंद खोलीत ‘मालिश’, मुलीच्या मोबाईलवर परस्पर मेसेज, “घरी सांगू नकोस” असं बजावणं, यातलं काहीही आधार देण्यात मोडत नाही. ‘उपचार आहे’ हे सांगणंही पुरेसं नाही. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण केलं, काही वेळा तर आईवडील त्याच खोलीत असताना. त्याला २०१८ मध्ये शिक्षा झाली, त्याआधी कितीतरी मुलींनी सांगितलं होतं आणि मोठ्यांनी ऐकलं नव्हतं.

मुलीने सांगितलं तर विश्वास ठेवा, खोदून खोदून विचारू नका, आणि तिने केलं ते बरोबर केलं हे तिला सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) असा गुन्हा माहीत असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लबाच्या अध्यक्षांशी ‘आपापसात मिटवून’ घेणं हा त्याला पर्याय नाही. गाव छोटं आहे, लोक काय म्हणतील, हे मला माहीत आहे. तरीही जा.

पालकांना कधीच आत बसू न देणारा क्लब मी घेणार नाही. रोज बसू देत नसतील तर समजू शकते, मुलं पालकांकडे बघत राहतात. पण खिडकी किंवा दार उघडं हवं.

६. सारखं काही ना काही दुखतं. याचा अर्थ क्लब चुकीचा आहे का?

नेहमीच तसं नसतं. तळहाताला फोड येऊन कातडी निघणं लटकायच्या बारवर प्रत्येकीला होतं. पण वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथून हाड वाढतं, आणि आपटण्याचा मार तिथेच बसतो. म्हणून या खेळात मनगट, टाच, गुडघ्याखालची गाठ आणि कंबर, या चार जागांकडे लक्ष ठेवा. मागे वाकताना कंबर दुखतेय आणि दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवाच; मणक्याला बारीक चीर गेलेली असू शकते.

माझ्या मुलीचं सांगते. ती ११ वर्षांची असताना आम्ही तिला मोठ्या शहरातल्या एका क्लबात घातलं होतं. मनगट दुखतंय म्हणाली तर तिथे उत्तर मिळालं, “सगळ्यांनाच दुखतं.” ते मी ऐकून घेतलं. मी स्वतः शिकवणारी बाई, मला कळायला हवं होतं. चार महिने ती दुखऱ्या मनगटावर हँडस्टँड करत राहिली. एक दिवस तिला डब्याचं झाकण उघडता येईना, तेव्हा आम्ही एक्स-रे काढला. पुढचे सहा महिने हातावर भार द्यायचा नव्हता. त्या क्लबाने चूक केली, पण रोज रात्री तिचा हात बघणारी मी होते. प्रश्न १ मध्ये लिहिलेली गोष्ट मी तेव्हा शिकले.

सरावाच्या तासांसाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञ एक सोपा हिशेब सांगतात: आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ तास. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवीच. नवा क्लब “आमच्याकडे सात वर्षांची मुलंही रोज चार तास करतात” असं अभिमानाने सांगत असेल, तर तिथे नेऊ नका.

७. सरांनी मुलीला वजन कमी करायला सांगितलंय. काय करू?

वाढत्या मुलीला डाएटवर ठेवायचं नाही. भात, नाचणीची भाकरी, मासे, अंडी, डाळ, जे घरात शिजतं ते पोटभर द्या. सरांना सांगा की तिच्या खाण्याचं आम्ही आणि डॉक्टर बघू. सारखं हेच ऐकू येत असेल तर क्लब बदलायला हे एक कारण पुरेसं आहे. १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली, तर “खेळाडूंना असंच होतं” म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या. कमी खाऊन जास्त सराव केला की हाडं ठिसूळ होतात.

८. आमच्याकडे मॅट आणि एक बीम, एवढंच आहे. मोठ्या हॉलमध्ये न्यायला हवं ना?

मुलगी किती वर्षांची आहे? सात-आठ वर्षांपर्यंत मॅट, भिंत, लटकायला एक बार आणि जमिनीवर ठेवलेला ठेंगणा बीम पुरतो. हँडस्टँड सरळ उभा राहणं, पोट आवळून धरणं, नीट उतरणं, पायाचे अंगठे ताणलेले ठेवणं, हे सगळं तिथे शिकता येतं आणि पुढे तेच उपयोगी पडतं. आगरतळ्याची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर अपुऱ्या, जोडजाड केलेल्या साधनांवर शिकून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) चौथी आली. बिश्वेश्वर नंदी हेच तिचे प्रशिक्षक राहिले.

पण हे उदाहरण देऊन साधनांची गरज नाकारू नका. मुलींच्या स्पर्धेत व्हॉल्ट, असमान बार, बीम आणि फ्लोअर अशी चार साधनं असतात. खरा बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच असतो. स्पर्धेच्या दिवशीच तो पहिल्यांदा बघणारी मुलगी वर चढून नुसती उभी राहिलेली मी पाहिली आहे, दोन्ही हात पसरून, श्वास धरून. मुलगी हवेतल्या उलट्या उड्यांकडे वळली, की स्प्रिंगचा फ्लोअर किंवा फोमचा खड्डा नसलेल्या ठिकाणी ते शिकवू नये. सर स्वतःच “आता माझ्याकडे याच्या पुढचं नाही” म्हणाले तर त्यांना मानलं पाहिजे. असा माणूस सहसा पुढची जागाही बरोबर सुचवतो.

९. पावसाळ्यात हॉल गळतो. एवढ्यावरून क्लब सोडायचा का?

गळणाऱ्या हॉलपेक्षा गळल्यावर काय करतात ते बघा. जुलैत जाऊन मॅटचा कोपरा उचला. खालच्या बाजूला काळे ठिपके, कुबट वास, रेक्झिन फाटून आत ओला फोम दिसला, तर ती मॅट मार झेलत नाही. पुरात बुडालेली गादी वाळवली तरी पुन्हा उडीखाली घालू नये. चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे २२ जुलै २०२१ चा पूर लोक विसरलेले नाहीत, तळमजल्यावरच्या क्लबाला साधनं वर कुठे हलवता असं विचारणं रास्त आहे. खारी हवा लोखंड खाते: बार ताणून धरणाऱ्या तारा, त्यांचे हूक, स्प्रिंगबोर्डच्या स्प्रिंगा यांवर गंज आहे का बघा. हाताला लावायची चॉकची पूड दमट हवेत गुठळ्या धरते, ती वाटीत कोरडी ठेवलेली असेल तर सांभाळणारा माणूस जागा आहे.

आणखी एक. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की सरांचं “थांब” मुलीला ऐकूच येत नाही. चांगले शिक्षक तेव्हा उड्या बंद करून ताकदीचे आणि ताणाचे व्यायाम घेतात. वीज गेली तर बीमवरच्या मुलीने काय करायचं, हेही त्यांनी शिकवलेलं असतं: जागेवर खाली बसायचं, बीम हाताने धरायचा, दिवा येईपर्यंत उतरायचं नाही.

१०. आम्ही चिपळूणला राहतो. रत्नागिरीला रोज नेलं तर जमेल का?

नव्वदेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, तेही महामार्गावर आणि पावसाळ्यात. रोज नाही जमणार. माझा हिशेब असा: एका बाजूचा प्रवास सरावाच्या वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. दोन तासांच्या सरावाला एक तास, बस्स. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते. ती कापून केलेल्या सरावात मुली पडतात.

कुडाळ-सावंतवाडी, अलिबाग-पेण अशा जवळच्या गावांत आठवड्यातून तीन दिवस जमून जातं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईने सोबत जाणं थोडं परवडतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि ती चुकली तर काय, हे ठरवूनच सुरू करा. लांबच्या गावासाठी दुसरी वाट प्रश्न १४ मध्ये आहे.

११. ठाण्याला तिच्या काकूकडे ठेवू का? किंवा हॉस्टेलला?

बारा वर्षांच्या आत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घाई कसलीच नाही. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धांसाठी मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात, मुलाला १८.

बाराव्या वर्षानंतर ठेवायचंच झालं तर काकूंना मोकळेपणाने विचारा: रात्री साडेआठला हिला आणायला कोण जाणार? हिचं काही दुखलं तर ही आधी कोणाला सांगणार? आणि तिलाही एकटीला विचारा. काकूंनी “बघू की” म्हटलं असेल तर थांबा. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी ही निवासी योजना आहे. निवडचाचण्या आणि वयाची अट जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळते. निवड झाली तरी वसतिगृह आधी डोळ्यांनी बघून या, रेक्टरशी बोला, आणि मुलीला रोज घरी फोन करता येईल याची खात्री करून घ्या.

१२. नव्या क्लबात ट्रायलला गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं?

प्रश्न १, ४ आणि ५ मधलं सगळं इथेही लागू. त्याशिवाय, तिला आल्या आल्या “काय काय येतं ते करून दाखव” म्हणतात, की आधी तिचा हँडस्टँड, पूल (मागे वाकून हातापायांवर केलेली कमान), उतरणं बघतात? मला दुसरं आवडतं. एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत ते मोजा. मोठ्या मुली शिकवत असतील तर त्यांच्यावर लक्ष कोणाचं आहे ते बघा. विचारा: यापूर्वी तिला काय दुखापत झाली हे तुम्ही विचारणार आहात का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, आणि मुलगी मानेवर पडली तर तुम्ही काय करता? योग्य उत्तर आहे, “हलवत नाही, मान स्थिर ठेवतो, रुग्णवाहिका बोलावतो.” उत्तर देताना चाचरणाऱ्या क्लबापेक्षा प्रश्नाचा राग येणारा क्लब जास्त वाईट.

एकच ट्रायल नको, तीन-चार दिवस जाऊ द्या. पहिल्या दिवशी सगळंच छान वाटतं.

१३. जुन्या सरांना कसं सांगू? आमच्या आळीतच राहतात.

त्यांना बाहेरून कळण्याआधी, स्वतः जाऊन, मुलीला बरोबर घेऊन सांगा. व्हॉट्सअॅपवर नको, ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडून तर नकोच. लांबण लावू नका: “सर, पाच वर्षं तुम्ही हिला घडवलंत. आता हिला बारवर काम करायचंय आणि आपल्याकडे बार नाही. एक तारखेपासून तिकडे जाणार. तुमचा आशीर्वाद हवाय.” मुलीला नमस्कार करू दे. सर रागावले तरी वाद घालू नका, त्यांनाही वाईट वाटतंय. गुरुपौर्णिमेला तिला त्यांच्याकडे पाठवा.

त्याच वेळी तिची मूळ प्रमाणपत्रं आणि वयाच्या दाखल्याच्या प्रती मागून घ्या. भरलेल्या फीबद्दल पावतीवर काय लिहिलंय ते बघा, काहीच लिहिलेलं नसेल तर चालू महिन्याची सोडून द्या. अर्थात कारण प्रश्न ५ मधलं असेल तर हा निरोपसमारंभ अजिबात करायचा नाही.

१४. एकाच वेळी दोन क्लबांत पाठवलं तर?

सहसा नको. एक सर हात खांद्याच्या रुंदीवर टेकायला सांगतात, दुसरे आतल्या बाजूला, आणि मुलगी उडी मारताना मधेच विचारात पडते. तिथेच पडझड होते. शिवाय दोन्हीकडचे तास मिळून प्रश्न ६ मधला हिशेब ओलांडला जातो, आणि कोणालाच पूर्ण आकडा माहीत नसतो.

दोघांची ओळख आणि संमती असेल तर मात्र हा उत्तम मार्ग आहे. रोज गावात, पंधरा दिवसांतून एका रविवारी मोठ्या हॉलमध्ये बार आणि फ्लोअर. मे महिन्यातलं शिबिरही असंच. कोणतं कौशल्य कुठे शिकायचं हे दोघांनी फोनवर ठरवून घ्यावं, मुलीला निरोप्या करू नये.

१५. क्लब बदलला तर शालेय स्पर्धेत खेळता येईल का?

येईल. शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेच्या नावाने जाते, क्लबाच्या नाही. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. अडचण येते ती शाळाही बदलली तर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, रायगड मुंबई विभागात. त्यामुळे महाडची मुलगी खेडला शिकायला गेली तर तिचा विभागच बदलतो. जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या स्पर्धांची नोंदणी यापेक्षा वेगळी असते. जुन्या क्लबाचं ना-हरकत पत्र लागतं का, हे जिल्हा संघटनेकडून लेखी विचारून घ्या. स्पर्धांच्या मोसमात बदलू नका. एप्रिल-मे सगळ्यात बरा, नव्या जागी रुळायला पावसाळा मिळतो.

१६. मुलगा आहे. क्लबात सगळ्या मुलीच. बदलू का?

लहान असेल तर काही बिघडत नाही. पण मुलांची साधनं सहा आहेत: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हाय बार. मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की त्यातलं शिकवणारा माणूस लागतो. क्लबात कोणी नसेल तर बदलावं. आणि कोणी “मुलींचा खेळ” म्हणून चिडवत असेल तर त्याला रिंग्जवर लटकायला सांगणारे शिक्षक शोधा.

१७. जवळपास जिम्नॅस्टिक्सचा दुसरा क्लबच नाही, मल्लखांब आहे. तिकडे पाठवू?

अवश्य बघून या. मल्लखांब आपल्याच मातीतला आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. दोरीच्या मल्लखांबावर मुली फार सुंदर काम करतात. पकड, पोटाची ताकद, उलटं असताना डोकं शांत ठेवणं, हे सगळं दोन्हीकडे सारखं आहे. धावत येऊन मारायच्या उड्या आणि उंचावरून उतरणं मात्र तिथे तेवढं मिळत नाही. एक-दोन वर्षं मल्लखांब करून पुन्हा जिम्नॅस्टिक्सला आलेल्या मुली मी शिकवल्या आहेत, त्यांचे हात आणि खांदे तयार असायचे.

तालबद्ध जिम्नॅस्टिक्सचं विचारणारेही असतात. रिंग, चेंडू, रिबन घेऊन करायचा तो वेगळा खेळ आहे. साधनं उंच उडवायची असल्याने छत उंच हवं, कौलारू हॉलच्या तुळया आडव्या येतात.

१८. सरच क्लब सोडून दुसरीकडे चाललेत. त्यांच्या मागे जायचं का?

आधी कारण समजून घ्या. भांडून जात असतील तर दोन्ही बाजू मुलांना ओढतात, तेव्हा महिनाभर काहीच ठरवू नका. नवी जागा सुरू होऊन साधनं लागलेली दिसू देत. सिमोन बाइल्सला लहानपणापासून घडवणाऱ्या एमी बूरमन रिओनंतर दुसऱ्या राज्यात गेल्या. बाइल्स त्यांच्या मागे गेली नाही, नव्या प्रशिक्षकांकडे शिकली आणि टिकली. दीपा मात्र शेवटपर्यंत नंदी सरांकडेच राहिली. दोन्ही बरोबर होऊ शकतं. तुमची मुलगी भीती वाटली की कोणाकडे बघते, ते बघा. ती सरांकडे बघत असेल आणि नवी जागा सुरक्षित असेल, तर सरांच्या मागे जा.

१९. बदललं आणि चूक झाली असं वाटतंय. परत जाता येईल?

किती दिवस झाले? तीन महिन्यांच्या आत असेल तर थोडं थांबा. नव्या जागी पहिले काही आठवडे मुली मागेच पडतात, मैत्रिणी नसतात, बीमसुद्धा परका वाटतो. तीन महिन्यांनंतरही ती रडतच असेल तर जुन्या सरांना तुम्ही स्वतः फोन करा, कोणामार्फत निरोप पाठवू नका. “आमचा अंदाज चुकला, हिला परत घ्याल का?” एवढंच. बहुतेक शिक्षक घेतात, मीही घेतलं आहे. घेताना त्यांनी तिला खालच्या बॅचला बसवलं तर मान्य करा. मधल्या काळात ती नवीन काय शिकली आणि कुठे काय दुखलं, हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगा, म्हणजे ते उड्या लगेच सुरू करणार नाहीत.